माझ्या तोंडासमोरची खिडकी

भिंतीतल्या गोल भोकात बसलेला, पात्यांवर काळ्या चिकट धुळीची साय धरलेला जुना पंखा तुम्ही पाहिलाच असेल, मित्रांनो. तसाच एक मी. छताला लटकून माणसांना वारा घालणारे पंखे वेगळे. माझं काम आतली वाईट हवा ओढून बाहेर फेकायचं. माणसं मला नेहमी खोलीच्या आतून पाहतात. भिंतीपलीकडे माझ्या तोंडासमोर काय आहे, ते कुणी बघत नाही. म्हणून आज तेच सांगतो.

पत्रा कापून माझी पाती झाली, ती मुरडून मोटारीला जोडली. शेवटी माझ्यासमोर कागदाचा कपटा धरला. तो सुसाट पलीकडे गेला तेव्हा तपासणारा म्हणाला, "ओढ झकास आहे याची." हे कौतुक मी फार दिवस जपलं. चांगली ओढ म्हणजे चांगलं काम, असं मला वाटायचं.

मी आलो तो बुटांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे ठेंगण्या छताची एक लांबट खोली, वरच्या मजल्यावर मालकांचं घर. कामगार मांडी घालून बसत, सोल्युशनच्या उघड्या डब्यात ब्रश बुडवत आणि बुटाला तळ चिकटवत. त्या सोल्युशनचा वास आधी गोडसर लागतो. मग डोकं धरतं, मग गरगरतं. संध्याकाळी कामगार बाहेर पडले की भिंतीला धरून चालत, आणि रस्त्यावरची माणसं म्हणत, झाली यांची प्यायला सुरुवात. मालक तर हसून म्हणत, "तुम्हाला फुकटात चढते, आणखी काय पाहिजे?"

या सगळ्यांत जुना कारागीर वस्ताद. एक दिवस त्याने ब्रश खाली ठेवला आणि पंखा बसल्याशिवाय हातात घेणार नाही म्हणून सांगितलं. बाकीच्यांनीही ठेवले. मालकांनी खूप आदळआपट केली, शेवटी मला आणलं. पण भोक मागच्या भिंतीलाच पाडायचं अशी अट घातली. पुढून वास आला तर गिऱ्हाईक नाक धरून पळेल.

मागच्या बाजूला एक अरुंद बोळ होता आणि बोळापलीकडे मालकांनीच भाड्याने दिलेल्या खोल्या. त्यांतली एक वस्तादची. भोक कुठे पाडायचं ते वस्तादनेच ठरवलं. खडूने गोल काढला तो अगदी आपल्या खिडकीसमोर. जेवणाच्या सुट्टीत मला बंद केलं की पात्यांच्या फटीतून त्याला घर दिसायचं, बायको दिसायची, लेक दिसायची. "घरी न जाता घरी जाऊन येतो मी," असं तो सगळ्यांना सांगे. कारखान्यात असा आनंद दुसऱ्या कुणाला नव्हता.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहून हात पसरून माझ्यासारखी गरगर फिरायची. तिची आई फार जपणारी होती. रस्त्यावर धूळ, गाड्यांचा धूर, म्हणून पोरीला ती बाहेर सोडत नसे. भिंगरीचं सगळं जग म्हणजे ती खिडकी. थंडीत माझा वारा उबदार लागायचा. ती गजांना नाक लावून, तोंड उघडून "आऽऽ" करायची, आवाज वाऱ्यात थरथरायचा आणि ती खिदळायची. तिचे फ्रॉक आई माझ्यासमोरच्या दोरीवर घालायची. झटकन वाळायचे. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, घरबसल्या वारा.

मग भिंगरी म्हणू लागली की पायांत मुंग्या चालतात. पुढे पायातली चप्पल निसटली तरी तिला कळेना. उंबऱ्यावर अडखळून पडली, पुन्हा पडली. वस्तादची बहीण आली होती, तिने भावजयीला ऐकवलं, "कडेवरून उतरवलं असतंस तर पाय चालले असते. लाडाने पांगळी केलीस."  आईला ते खरं वाटलं. त्यानंतर ती भिंगरीला मुद्दाम चालायला लावायची, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. भिंगरी रडत रडत चालायची, आणि दमली की खिडकीत येऊन उभी राहायची.

शेवटी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्यावर लहान हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, तिचा फ्रॉक हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हिला कारखान्यात बसवता का तुम्ही? सोल्युशनच्या वासानेच असे पाय जातात."

"छे हो. मी हिला घराबाहेरसुद्धा सोडत नाही."

हे सगळं भिंगरीच्या आईनेच कारखान्यात येऊन सांगितलं. दवाखान्यातून ती तडक तिथेच आली. कामगारांमधून वाट काढत ती वस्तादपुढे उभी राहिली आणि तो धुतलेला फ्रॉक तिने त्याच्या नाकाशी धरला.

"अहो, वास घ्या."

वस्तादने घेतला. पुन्हा घेतला. "कसला वास? साबणाचा?"

तिने फ्रॉक बाकीच्यांपुढे धरला. कुणालाच काही येईना. इतकी वर्षं डब्यावर वाकून वाकून त्यांची नाकं मेली होती, मित्रांनो. तेव्हा ती माझ्याकडे बघू लागली. वस्तादनेही वर पाहिलं, आणि उठून मला बंद केलं.

जेवणवेळेपर्यंत दोघांची डोकी उठली, एकजण दारात जाऊन ओकला. कातडं कापणारा, ज्याला सगळे कात्रीकाका म्हणत, तो म्हणाला, "वस्ताद, तुझी लेक ती लेक. माझ्या घरी काय मांजरं आहेत?"  पंख्यासाठी ज्यांनी त्याच्या शब्दावर ब्रश खाली ठेवले होते, तीच ही माणसं.

तो मालकांकडे गेला. पंख्याला पत्र्याचा पाइप जोडा, म्हणाला, आणि तो वर छतापर्यंत न्या, म्हणजे वास कुणाच्याच घरात शिरणार नाही. मालक शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वेडा आहेस का? वर माझी मुलं झोपतात."

याचा अर्थ काय, ते तुम्ही लहान असलात तरी तुम्हाला कळेल. मालकांना सगळं ठाऊक होतं.

वस्ताद परत आला. सगळे नुसते खोकत होते. त्याने हात लांब केला आणि माझं बटण दाबलं. त्या वेळी समोरच्या खिडकीत भिंगरी होती. तिने तोंड उघडून "आऽऽ" केलं. आईने तिला मागे ओढलं, खिडकी लावून घेतली आणि आतून फळ्या ठोकल्या. तरी कौलांच्या फटीतून मी शिरतच होतो. शेवटी ती लेकीला घेऊन भावाकडे निघून गेली. वस्तादला दुसरं काम येत नव्हतं. तो राहिला, खोली मात्र सोडली, आता कारखान्यातच झोपतो. भिंगरी आता भिंतीला धरून चालते, असा निरोप येतो. पुढे किती सुधारेल ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

ती खोली मालकांनी हवेशीर म्हणून पुन्हा भाड्याने दिली. नवीन बाईचे दिवस भरत आले होते. आल्या आल्या तिने फळ्या उपटल्या. वस्ताद तिला सांगायला गेला. खिडकी उघडू नका, म्हणाला. बाई हसली. "खोली परत हवीये होय तुम्हाला? सरळ सांगा की." आणि तिने आतून कडी लावली. तो बोळातून परत आला. मग त्याने माझं बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मला यातलं काही नको. तुमच्या शाळेच्या, स्वयंपाकघराच्या, कारखान्याच्या भिंतीत एखादा पंखा फिरत असेल, तर एकदा भिंतीला वळसा घालून मागे जा. त्याच्या तोंडासमोर कोण राहतं, ते बघा. कुणी असलं, तर मोठ्यांच्या मागे लागून त्याचं तोंड वळवून घ्या. माझं कुणी वळवत नाही. समोर आज पाळणा टांगलाय, वारा लागावा म्हणून अगदी खिडकीत.