इथं उतरावंच लागतं

"उतरा हो, उतरा… अरुंद रूळ सरले, पुढं रुंद रूळ आले. निजलेल्याला उठवा, लेकराला कडेवर घ्या, ही गाडी इथून पुढं नाही…"

फलाटावर हाका देणाऱ्या म्हाताऱ्या रामोनचा हा पुकारा थांबून कैक वर्षं लोटली. रामोन टेकडीवरच्या मातीत निजला. तरी डोंगरातली लहान गाडी ला होर्केता स्टेशनच्या फलाटाला लागली, की एवारिस्तोच्या कानात तो सूर उठायचा. आज तर सकाळपासूनच उठत होता. आजची गाडी शेवटची. उद्यापासून तिचे रूळ उखडायला घेणार होते.

फलाटाच्या एका अंगाला ते रूळ, जेमतेम दोन हात रुंद. दुसऱ्या अंगाला समुद्राकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीचे, दुपटीहून रुंद. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालायचा नाही. म्हणून लोकरीचा गठ्ठा असो, मेंढपाळ असो की शवपेटी, सगळ्यांना इथं उतरावंच लागे. एवारिस्तोनं जन्मभर इकडची लोकर तिकडे चढवली. वाऱ्यानं पॉप्लरची झाडं वाकवली, गठ्ठ्यांनी त्याला.

दोमितिला टोपलीत तळलेल्या गरम पोळ्या घेऊन आली. दर गाडीला यायची तशीच.

"आली बघ तुझी बायको," त्याच्या जोडीचा हमाल किरोगा म्हणाला. "नाहीतर माझी. मी मेलो तरी फलाटावर यायची नाही. आलीच तर बूट काढून न्यायला येईल."

"पोळी खा अन् तोंड मीट," दोमितिला म्हणाली. नजर मात्र रुळांच्या वळणाकडे.

समुद्राकाठी एवारिस्तोच्या बहिणीनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती. याआधीही बदलीचा विषय निघाला, की दोमितिलाचं ठरलेलं असे: तू जा, मी इथंच. आज मोठ्या गाडीनं निघायचं त्यानं ठरवलं होतं. ती हो म्हणाली नव्हती.

"दोमी, आता इथं राहिलंय काय? लहान गाडी गेली की मोठीही थांबायची नाही. दुकान जाईल, डॉक्टर जाईल."

"आधी गाडी तर येऊ दे."

"मूलबाळ असतं तर गोष्ट वेगळी होती…"

त्यानं जीभ चावली. त्यांना मूल झालं नाही, आणि गावानं बोल लावला तो तिलाच. त्याच्या आईनं तर तोंडावर. दोमितिला कधी उलटून बोलली नव्हती.

गाडी आली. कुत्र्याला मिठीत घेतलेला मेंढपाळ उतरला, शिक्षिका उतरली, कोंबडी काखेत धरलेली एक म्हातारी उतरली. दोमितिला गर्दीच्या उलट दिशेनं शेवटच्या डब्याकडे निघाली. गाडीतून उतरणाऱ्यांत ती पोळ्या फक्त बायकांपुढेच धरते, हे एवारिस्तोनं इतक्यांदा पाहिलं होतं, की कधी पाहिलंच नव्हतं. एका चाळिशीच्या बाईला पोळी देताना तिनं तिचे वाऱ्यानं उडालेले केस हळूच कानामागं सारले.

"काय हो आजी?"

"काही नाही, बाई. केस डोळ्यांत जात होते. खा, गरम आहे."

डबे रिकामे झाले. एवारिस्तोनं शेवटचा गठ्ठा पाठीवर घेतला, मोठ्या गाडीत टाकला आणि वळला. दोमितिला दोन रुळांमधल्या फलाटावर खालीच बसली होती. टोपलीत एक पोळी उरली होती, थंड.

"चल. ट्रंक चढवलीय मी."

ती उठली नाही.

"इथून का हलत नाही, विचारायचास ना तू," ती म्हणाली. "वरून आलेल्या माणसाला इथं उतरल्यावाचून पुढं जाता येत नाही. दुसरीकडं कुठं राहिले असते, तर परस्पर निघून गेली असती आणि मला कळलंही नसतं."

"कोण?"

"तू भेटायच्या आधी मी वर कामाला होते, मेंढ्यांच्या मळ्यावर. तिथं माझी मुलगी राहिली. अंगावर पीत होती. मालकिणीनं ठेवून घेतली अन् मला गाडीत बसवलं." तिनं हात आपल्या डाव्या कानामागं नेला. "इथं तीळ आहे तिला. मी नेलिदा नाव ठेवलं होतं. त्यांनी काय ठेवलं, मला ठाऊक नाही."