आमदार टॉफ्टेबाई आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावरचा हिरवा रंग अर्धा उडाला आहे, बुडाशी मोठा पोचा आहे आणि टोपीचा कप आता फिरवूनही नीट बसत नाही. मला भंगारात काढायचे असेल तर खुशाल काढा, पण आधी माझे ऐकून घ्या. मी कॉफीचा थर्मास आहे. एका आमदारबाईंची अख्खी कारकीर्द मी त्यांच्या टेबलाशी बसून पाहिली आहे, आणि जे मी पाहिले ते त्यांच्या गावाने अठरा वर्षे पाहिले नाही.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात काचेच्या दोन भिंती आणि बाहेरून पत्र्याचा अंगरखा. तिथून आगगाडीने मी व्हेल्डनला आलो. व्हेल्डन म्हणजे गव्हाच्या शेतांमधले, कॅनडाच्या सीमेजवळचे आमचे गाव. तिथल्या दुकानात खिळ्यांच्या डब्यांशेजारी मी आठ महिने बसून होतो. मग ऑर्व्हिल टॉफ्टे नावाच्या शेतकऱ्याने मला कापणीसाठी घेतले. चार उन्हाळे मी त्याच्या कापणीयंत्राच्या सीटखाली काढले. मला वाटले, आपले आयुष्य आता गव्हाच्या भुसात जाणार.

पण बासष्ट सालच्या उन्हाळ्यात आमचे जुने आमदार गुडघ्यांना कंटाळून घरी बसले. नवा उमेदवार ठरवायला मंडळी धान्याच्या कोठारावर जमली. कोठाराचा व्यवस्थापक ड्वेन स्कोगन, तरुण आणि सगळ्यांचा लाडका. त्यानेच विचारले, “बोला, राजधानीला कोण जातंय?”

सगळे बुटांकडे पाहू लागले. अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, पण ते जानेवारी ते एप्रिल. एवढे दिवस घर सोडायचे कुणी?

“मार्चमध्ये माझ्या गायी वितात,” एक म्हणाला.

“ड्वेन, तूच जा की.”

“आणि कोठार कोण बघणार? तुझी सासू?”

तेव्हा ऑर्व्हिल मला उघडता उघडता म्हणाला, “आमच्या आर्डिसला पाठवा. माझ्याशी वाद घालून तिची चांगली तयारी झालीय.”

सगळे पोट धरून हसले. मग हळूहळू हसणे थांबले, कारण याहून बरे कुणालाच सुचत नव्हते. अशा रीतीने ऑर्व्हिलची बायको आर्डिसबाई टॉफ्टे आमदार झाल्या आणि मी त्यांच्याबरोबर राजधानीला गेलो.

ते दिवस आठवले की अजून मला आतून ऊब येते. बाईंनी एका विधवेच्या घरी तळघरातली खोली भाड्याने घेतली होती. रोज सकाळी त्या मला गरम पाण्याने विसळत, कॉफीने गळ्यापर्यंत भरत आणि काखेत घेऊन बर्फातून विधानभवनाच्या पायऱ्या चढत. पहिल्याच दिवशी दारवानाने अडवले. “सभागृहात खाणंपिणं चालत नाही, बाई.”

मागून एक उंच, वयस्क आमदार आले. त्यांनी आपली रुंद टोपी माझ्यावर ठेवली आणि म्हणाले, “कुठाय खाणंपिणं? ही तर माझी टोपी.”

हे लेस्टर क्रेब्स. पश्चिमेकडच्या कुरणांतले, गुरे राखणारे, बिनलग्नाचे आणि विरुद्ध पक्षाचे. त्यांची जागा बाईंच्या शेजारीच होती. माझ्यातली पहिली कपभर कॉफी पिऊन त्यांनी तोंड वाकडे केले.

“टॉफ्टेबाई, ही कॉफी आहे की कॉफीची आठवण?”

“आवडली नसेल तर कप परत द्या.”

“मी कुठं नाही म्हटलं?”

पुढची चौदा वर्षे, सात अधिवेशने, ते दोघे प्रत्येक प्रश्नावर भांडले आणि माझ्यातली कॉफी वाटून प्याले. हळूहळू इतरही आमदार कप पुढे करू लागले. “टॉफ्टेबाईंचा थर्मास आला का?” असे लोक विचारत तेव्हा माझी कॉलर ताठ होई. बाईंनी या काळात फार मोठे काही केले नाही असे त्या स्वतः म्हणत. पण ओढ्यावरचा पूल रुंद झाला तो त्यांच्यामुळे. शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांना वाऱ्यापासून आडोसा मिळाला तोही त्यांच्यामुळे. शनिवारी रस्ता उघडा असला की त्या घरी येत आणि मला घेऊन दारोदार जात. कुणाच्या स्वयंपाकघरात बसून, कुणाच्या गोठ्यात उभ्याने, लोकांचे ऐकत. त्या काळी लोक त्यांना सगळे सांगत असत.

याच काळात लेस्टरनी त्यांना सभागृहाची एक खोच शिकवली. “ठराव हरलात आणि तो उद्या पुन्हा मताला आणायचाय, असं समजा. तर ती मागणी कुणी करायची? जिंकलेल्यानं. हरलेल्यानं तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे.”

“मग हरलेल्यानं करायचं काय?”

“हरतोय हे दिसलं की शेवटच्या क्षणी जिंकणाऱ्यांत जाऊन बसायचं. कागदावर तुम्ही जिंकलात. उद्या सकाळी हात वर करायला मोकळे.”

“हा लबाडपणा झाला.”

“नियम मी नाही केला, बाई. मी फक्त वाचला.”

आता पंचाहत्तर सालच्या मार्चकडे येतो. पंधरा खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलांची सरकारी मदत बंद करण्याचा ठराव आला. व्हेल्डनच्या हॉस्पिटलात बारा खाटा होत्या. पुढचे हॉस्पिटल ब्याण्णव मैलांवर, आणि वाऱ्याने रस्त्यावर बर्फ लोटला की ब्याण्णव काय, नऊ मैलही जाता येत नाहीत. बाईंचा धाकटा मुलगा अशाच वादळात त्या बारा खाटांतल्या एकीवर जन्मला होता. मदत थांबली तर त्या दाराला कुलूप लागणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि हॉस्पिटल वाचवीन असा शब्द त्या गावाला देऊन आल्या होत्या.

बुधवारी सकाळी मतदान झाले. भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे दिवा लागे, हिरवा म्हणजे होय आणि लाल म्हणजे नाही. शंभर नावे. बाईंनी लाल बटण दाबले. फलक भरत गेला. हिरवे बावन्न, लाल अठ्ठेचाळीस. ठराव मंजूर होणार हे लहान पोरानेही सांगितले असते. अध्यक्षांनी फलक बंद करायला हात उचलला. बाईंचा हात झटक्यात बटणाकडे गेला. जाता जाता कोपर मला लागले आणि मी टेबलावरून फरशीवर आदळलो. बुडाचा पोचा त्या वेळचा. काच कशी वाचली देव जाणे. मी पडल्या पडल्या वर पाहिले, तर बाईंच्या नावापुढचा दिवा हिरवा झाला होता.

लेस्टर स्वतः ठरावाच्या बाजूने होते. त्यांनी फलक पाहिला, बाईंकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “शिकवलेलं लक्षात राहिलं म्हणायचं.”

“उद्या तुमचं मत हवंय मला.”

“माझं? मी हिरवा आहे, बाई.”

“म्हणून तर हवंय.”

त्या दुपारी बाईंनी मला उपाहारगृहात तीनदा भरले. अठ्ठेचाळीस माणसे टिकवायची होती आणि आणखी दोघातिघांची मने वळवायची होती. त्या टेबलाटेबलांवर गेल्या, माझ्यातून कप भरला आणि प्रत्येकाला एकच विचारले, “तुमच्या घरापासून हॉस्पिटल किती लांब?” चौदा जणांनी खांदे उडवले. एकाने कॉफी पिऊन पाठ फिरवली. एक तरुण आमदार मात्र कप खाली ठेवून म्हणाला, “माझी बायको सातव्या महिन्यात आहे.” दुसरे एक खाटकाचा धंदा करणारे गृहस्थ म्हणाले, “बघतो.” आमच्याकडे बघतो म्हणजे बहुधा होय.

गुरुवारी सकाळी बाई उभ्या राहिल्या. “कालच्या ठरावाच्या बाजूने मी मत दिलं होतं. तो पुन्हा मताला यावा अशी माझी मागणी आहे.” मागणी मान्य झाली आणि फलक पुन्हा उजळला. हिरवे पन्नास, लाल पन्नास. बरोबरी झाली की ठराव पडतो, पण अध्यक्ष फलक बंद करीत नव्हते, एखादा दिवा बदलेल म्हणून थांबले होते. आणि एक दिवा बदलला. लेस्टर क्रेब्स लाल झाले. हॉस्पिटल वाचले. बाई खाली बसल्या आणि टेबलाखाली त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. मी काठोकाठ गरम होतो तरी त्यांचे हात गारच होते.

पण आमचे साप्ताहिक बुधवारी संध्याकाळी छापले जाई. त्यात पहिल्या मतदानाची यादी आली: ‘टॉफ्टे – होय’. पुढच्या आठवड्यात सहाव्या पानावर चार ओळी आल्या, हॉस्पिटल वाचले म्हणून. यादी नव्हती, कारण वासरांच्या लिलावाची जाहिरात मोठी होती. लोकांनी दोन्ही अंक जोडून वाचले आणि ठरवून टाकले की हॉस्पिटल वाचले, पण आपल्या आर्डिसने त्याला बुडवायला मत दिले होते.

ऑर्व्हिल भडकला. “संपादकाला पत्र लिही. सरळ सांग काय झालं ते.”

“आणि माझीच टिमकी मी वाजवू? मी किती हुशार, मी किती शूर?”

“अगं, पण खरं आहे ना!”

“ज्याला जाणून घ्यायचं असेल तो विचारेल.”

आता आमच्या माणसांचा स्वभाव सांगितलाच पाहिजे. इथे स्वतःचे कौतुक स्वतः करणे म्हणजे चर्चमध्ये शर्ट काढून बसण्याइतके लाजिरवाणे. आणि दुसऱ्याला तोंडावर जाब विचारणे त्याहूनही वाईट. त्यामुळे बाईंनी सांगितले नाही आणि कुणी विचारले नाही. पुढच्या निवडणुकीला वीस महिने होते. वीस महिने लोक बाईंशी हवेबद्दल बोलले, गव्हाबद्दल बोलले, कमरेच्या दुखण्याबद्दल बोलले. बाई मला घेऊन पूर्वीसारख्याच दारोदार जात. लोक कप पुढे करीत, आभार मानीत आणि खिडकीबाहेर बघत. मला तोंड आहे, मित्रांनो, पण त्यातून फक्त कॉफी येते. त्या वीस महिन्यांत मला त्याचे फार वाईट वाटले.

निवडणुकीला बाईंच्या विरुद्ध ड्वेन स्कोगन उभा राहिला आणि एकसष्ट मतांनी निवडून आला. दुसऱ्या दिवशी सात घरांतून बाईंकडे भाजलेल्या बटाट्यांची आणि मांसाची भांडी आली, कुणी वारल्यावर येतात तशी. पाठवणाऱ्यांत ज्यांनी त्यांना पाडले तेही होते. ऑर्व्हिलला ते गिळवेना. बाईंनी सगळी भांडी घासून, पुसून, ज्याची त्याला परत केली. मग मला घासले, पुसले आणि तळघरात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवले.

तिथे मी अठरा वर्षे होतो. मला घरातल्यांचा राग आला नाही. मला बघितले की बाईंना काय आठवत असेल ते मला कळत होते. ऑर्व्हिल गेला तेही मला वरच्या पावलांच्या आवाजावरून कळले.

चौऱ्याण्णव सालच्या शरदात मात्र उजेड दिसला. चर्चच्या वार्षिक मासळीच्या जेवणाला लेस्टर क्रेब्स आले. वय सत्त्याऐंशी, पुतणीने गाडीतून आणले. बाईंच्या दारात उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न केला, “तो पोचा पडलेला थर्मास कुठाय?”

मला विसळून, भरून, चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर आणले गेले. दुपारचे चार वाजले होते. वाफाळलेला मासा, वितळलेले लोणी, बटाट्याच्या पातळ पोळ्या आणि अख्खे गाव. समोर ड्वेन बसला होता. तो त्याच वर्षी आमदारकीतून निवृत्त होत होता.

“हॉस्पिटल आहे ना रे अजून?” लेस्टरनी विचारले.

“आहे की. माझी दोन्ही नातवंडं तिथलीच.”

“मग हिचे आभार मानलेस का?”

ड्वेनने ताटात पाहिले. “जाऊ द्या हो. जुनी गोष्ट. आर्डिसला तेव्हा योग्य वाटलं ते तिनं केलं. आम्ही काही मनात ठेवलं नाही.”

लेस्टरनी काटा खाली ठेवला. “मनात ठेवलं नाही? अरे बाबा, तिनं हिरवं बटण दाबलं नसतं तर दुसऱ्या दिवशी मागणी करायला तिला उभंच राहता आलं नसतं! ठराव पाडला कुणी, असं वाटतं तुला? अठरा वर्षं तिथं बसलास, हा नियम नाही वाचलास?”

ड्वेनने नियम वाचला होता. त्याच्या तोंडावरून ते दिसलेच. नियम त्याला पाठ होता, फक्त त्याने तो कधी आर्डिसबाईंच्या नावापुढे ठेवून पाहिला नव्हता. तो बाईंकडे वळला.

“आर्डिस, तू सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं का नाहीस?” बाई मीठ मागावे इतक्या साधेपणाने म्हणाल्या. पण पुढे बोलताना त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले. “कोठारावर गहू घालायला यायचे तेव्हा मी दर वेळी वाट पाहिली, ड्वेन. आज विचारेल, उद्या विचारेल. एकानं जरी विचारलं असतं ना!”

ड्वेन उठला. आमच्याकडे जेवताना उभे राहून कुणी बोलत नाही, त्यामुळे काटेचमचे आपोआप थांबले.

“मंडळी,” तो म्हणाला, “व्हेल्डनचं हॉस्पिटल आर्डिस टॉफ्टेनं वाचवलं. तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोललो नव्हतो. मी नुसता गप्प बसलो, आणि निवडून यायला तेवढं पुरलं. मी विचारलं नाही. तुम्हीही नाही.” आणि तो खाली बसला.

टाळ्या पडल्या नाहीत, आमची माणसे टाळ्यांची नाहीत. थोड्या वेळाने एक म्हातारी उठली, आपल्या ताटलीतला सफरचंदाच्या पायचा तुकडा आणून बाईंपुढे ठेवला आणि परत गेली. मग दुसरी आली. मग एक शेतकरी आला. पाहता पाहता बाईंपुढे अकरा तुकडे जमले.

“एवढं खाणार कोण?” बाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या देखत रडल्या. हरल्याच्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

त्यानंतर बाई चार वर्षे जगल्या, आणि ती चार वर्षे त्यांच्या स्वयंपाकघरात माझ्यातली कॉफी कधी उरली नाही. ड्वेन दर मंगळवारी येई. पण मधली अठरा वर्षे काही कुणाला परत देता आली नाहीत.

म्हणून, मित्रांनो, मला रोज घासले नाहीत तरी माझी तक्रार नाही. पत्रा गंजतो, कधीतरी काचही फुटते. पण ज्या माणसाविषयी तुमच्या मनात किंतु आला असेल त्याच्या दारात जा, बसा आणि विचारा. आमच्या बाईंचे उत्तर मार्चमधल्या त्या गुरुवारपासून तयार होते.