उजवी पाकळी

लवूच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं, हे डॉक्टरांनी केव्हाच ठरवलं होतं. पण घोडपदेवच्या त्या खोलीत डॉक्टरांना विचारतो कोण! मालनने, त्याच्या बायकोने, गावच्या रीतीप्रमाणे देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली. लवूला हायसं वाटलं. "देवीनच नको सांगल्यान. मी खंय जावचंय नाय."

त्यांची लेक अपेक्षा मात्र चुळबुळत होती. तिची नोकरीच हादऱ्यांची. माणसाला कळतही नाहीत असे भूकंप यंत्राच्या रेघांतून हुडकायचे आणि ट्रक, बोगदे, पायलिंग यांचे धक्के बाजूला काढायचे. शेजारी टॉवरच्या पायाचे खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन तर सकाळपासून दणदणत होतं.

"आई, त्या मशीनच्या धक्क्याने पडली ती. साधा भूकंपसुद्धा नव्हता."

"मगे भूकंप कोण करता गो?"

"खडकावर ताण साठत जातो. कधी भेगांत पाणी झिरपतं, पकड सैल होते आणि तो केसभर सरकतो. बस्स, एवढाच छोटा भूकंप."

"आणि पाणी कोण पाडता?"

अपेक्षाने कपाळावर हात मारला. शेवटी हातापाया पडून तिने आईला कबूल करवलं: जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबेल, तेव्हा पुन्हा कौल लावायचा.

दुपारी मशीन गप्प झालं. मालनने नव्या पाकळ्या लावल्या, डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. लवूने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला बघवत नव्हतं. पाकळ्या जागच्या हलेनात. खाली मजूर डबे आवरू लागले. मशीन पुन्हा सुरू झालं की संपलंच! अपेक्षाचा जीव टांगणीला लागला.

देव्हारा जुन्या लाकडी जमिनीवर होता. ती सरकत सरकत त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि फळीवर टाच आपटली. अगदी हलकेच.

उजवी पाकळी पडली.

मालनने डोळे उघडले आणि रडतच हात जोडले. लवू वळला, पण देवीकडे बघेना. तो लेकीकडे बघत होता.

"उजवीच पडली मा गो? तू बघलंस?"

आता काही बरंवाईट झालं, तर ते देवीचं नव्हे, आपलं, हे अपेक्षाला कळून चुकलं.

"होय बाबा," ती म्हणाली. "मी बघितलं."