अकराव्या पानावरचं अर्धं वाक्य

तुमच्या घरात अशी एक तरी पुस्तिका पडलेली असेल. बत्तीस पानांची, पातळ, मुखपृष्ठावर लाल अक्षरं आणि शेवटी उद्गारचिन्ह. कुणीतरी दाराखालून सरकवलेली. तुम्ही ती मागितलेली नसते, तरी चाळता. दुसऱ्याच्या धर्माबद्दल तिच्यात जे लिहिलेलं असतं, ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असं तुम्हाला वाटतं, आणि बरंही वाटतं. खोटं बोलू नका, बरं वाटतं!

या पुस्तिका आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी त्या लिहितं, कुणीतरी तपासतं, कुणीतरी छापतं. ही गोष्ट तपासणाऱ्याची आहे.

छापखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते लोकांच्या चुकांवर लाल रेघा मारत आले होते. त्यांच्या नजरेतून काना सुटत नसे. एका लग्नपत्रिकेत वराचं आडनाव चुकलं होतं ते त्यांनी पकडलं, तेव्हा मुलीचा बाप पेढे घेऊन आला होता. म्हणून मालक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांचं नाव छापत. मास्तरांनी तपासलंय म्हणजे बरोबरच असणार, असं गावात धरून चालत.

मालक दोन्हीकडचं छापत. मास्तरांच्या धर्माचं एक मंडळ होतं, ते दुसऱ्या धर्माचे वाभाडे काढणारी पुस्तिका आणून द्यायचं. मग दुसऱ्या धर्माचं मंडळ उत्तर घेऊन यायचं. मालक दोघांनाही सारख्याच कपातून चहा द्यायचे.

त्या गुरुवारी मशीन अचानक थांबलं आणि मिस्त्री ओला कागद हातात घेऊन मास्तरांच्या टेबलाशी आले. मशीन चालवणारे हे मिस्त्री दुसऱ्या धर्माचे. बावीस वर्षं दोघं एकाच बाकावर बसून डबा खात होते.

"मास्तर, अकरावं पान बघा."

"शाई फुटलीय का?"

"शाईला काय धाड भरलीय? वाक्य अर्धं आहे."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. पानावर मिस्त्रींच्या धर्मग्रंथातलं वचन जाड अक्षरांत होतं: 'परक्याचे मूल हाती आले तर त्याला आपले करा.' खाली लेखकानं लिहिलं होतं, 'बंधूंनो, हा आहे त्यांचा डाव! तुमची लेकरं सांभाळा!'

"पुढचं कुठंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"लेखकाच्या हस्तलिखित प्रतीत नाही."

"ग्रंथात आहे ना! 'त्याला आपल्या ताटातले द्या, आणि त्याच्या आईबापांची प्रार्थना त्याला विसरू देऊ नका.' तुमची नात माझ्या मुलीच्या पाळणाघरात पहिल्यांदा आली, त्या दिवशी मीच तुम्हाला म्हणून दाखवलं होतं. आठवतंय ना?"

मास्तरांना आठवत होतं. चांगलं आठवत होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मिस्त्री, मी ग्रंथ तपासत नाही, प्रत तपासतो. प्रतीप्रमाणे आहे. लेखकाचं लेखक बघेल."

"आणि माझं कोण बघेल? हे मी माझ्या हातानं छापू?"

"मशीन थांबलंय. मालक ओरडतील."

 मिस्त्री वळले. थोड्या वेळानं मशीनचा खडखडाट पुन्हा सुरू झाला. दोन हजार प्रती. आपल्याच मुलीवरचा आरोप त्या माणसानं आपल्याच हातानं छापला, आणि मास्तर पुढचं प्रूफ काढून बसले.

आठ दिवसांत पुस्तिका घरोघर पोचली.

मिस्त्रींच्या मुलीला सगळे ताई म्हणत. मास्तरांच्याच इमारतीत तळमजल्यावर सोसायटीची एक खोली होती, तिथे ती अकरा वर्षं पाळणाघर चालवत होती. एकोणीस मुलं. त्यातली सतरा मास्तरांच्या धर्माच्या घरांतली. कुणाला भाताबरोबर दही लागतं, कुणाला पंख्याखाली झोपवलं की खोकला होतो, कोणतं पोर रडलं की खोटं रडतंय, हे तिला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

सोमवारी मास्तर जेवायला बसले होते. सूनबाई नातीला कडेवर घेऊन आत आली. तिच्या हातात पुस्तिका होती.

"बाबा, हिला उद्यापासून पाठवायची नाही मी."

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? तुम्हीच तपासलंय की! अकरावं पान. त्यांच्या ग्रंथातच लिहिलंय. परक्याचं मूल आपलं करा. आणि आपण रोज सकाळी पोर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवतोय!"

"ताई तशी नाही गं."

"ताई नसेल. पण ग्रंथ? खोटं असतं तर तुम्ही सोडलं असतंत? तुम्ही तर वेलांटी सोडत नाही."

वाचकहो, इथे एकच वाक्य बोलायचं होतं. पुढची ओळ आहे, एवढंच. भात समोर होता, सून समोर होती, नात आजोबांकडे झेपावत होती. मास्तर म्हणाले, "आमटी वाढ थोडी."

शुक्रवारपर्यंत पाळणाघरात पाच मुलं उरली. कुणीतरी खिडकीची काच फोडली. तुकडे झोपायच्या सतरंजीवर पडले. पोरं तेव्हा बाहेर खेळत होती म्हणून वाचली. मग जिन्यात नोटीस लागली: रविवारी सकाळी सभा, विषय तळमजल्यावरची खोली रिकामी करून घेणे.

मिस्त्री पुन्हा टेबलाशी आले. या वेळी हातात कागद नव्हता.

"मास्तर, रविवारी तुम्ही बोला. तुमचं ऐकतील. मी बोललो तर म्हणतील, आपल्या पोरीसाठी रडतोय."

"बघतो. वातावरण तापलंय मिस्त्री. थोडं शांत होऊ दे."

"शांत होईल हो. ती गेली की सगळं शांत होईल."

हे बोलणं आक्का ऐकत होत्या. आक्का बांधणी खात्यात फर्मे, म्हणजे छापून आलेल्या पानांचे गठ्ठे, जुळवायच्या आणि पिना मारायच्या. त्यांचा धर्म कोणता हे छापखान्यात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, विचारलं तर म्हणायच्या, "मी पानं जुळवणाऱ्यांतली." मिस्त्री गेल्यावर त्या उठल्या आणि मास्तरांच्या पुढ्यात दोन पुस्तिका आपटल्या. एक मास्तरांच्या मंडळाची. दुसरी कालच बांधून झालेली, मिस्त्रींच्या धर्माच्या मंडळानं दिलेलं उत्तर.

"हिचं अकरावं पान उघडा. आणि हिचं सातवं. वाचा."

"आक्का, मी दोन्ही तपासलीयत."

"म्हणूनच म्हणते, वाचा!"

सातव्या पानावर मास्तरांच्या स्वतःच्या धर्मग्रंथातलं वचन होतं: 'जो आपल्या वाटेने चालत नाही त्याला पाणी देऊ नये, असे जो शिकवील तो माझा नव्हे.'

"हे वचन प्रतीत कसं आलं होतं?" आक्कांनी विचारलं. "सांगते. 'त्याला पाणी देऊ नये', बस, इथपर्यंतच. मी प्रत पाहिलीय. पुढचं तुम्ही घातलंत. तुमच्याच लाल शाईनं."

मास्तरांचा चेहरा उतरला. "वाक्य अर्धवट होतं. अर्थाचा अनर्थ होत होता. मी पूर्ण केलं. त्यांच्या लेखकाच्या लक्षातही आलं नाही, त्यानं मूळ ग्रंथ उघडलेलाच नव्हता."

"चांगलं केलंत. मग मिस्त्री आला तेव्हा काय झालं होतं? तुमच्या ग्रंथाचं वाक्य तोडलं तर तुम्हाला शाई सापडली, आणि त्याच्या ग्रंथाचं तोडलं तर संपली? त्या लेखकाला मी काही म्हणत नाही, तो आंधळा आहे. तुम्हाला दिसत होतं, मास्तर! तुम्हाला दोन्हीकडचं दिसत होतं!"

  बत्तीस वर्षांत त्या टेबलावर मास्तरांना पहिल्यांदा स्वतःची चूक सापडली होती, आणि ती चूक नव्हतीच. चूक न कळता होते. हे तर कळून सवरून केलेलं होतं!

ते उठून मालकांकडे गेले. "शुद्धिपत्रक काढायचंय. एक चिठ्ठी. घरोघर वाटू."

"मंडळाला विचारा," मालक म्हणाले. "त्यांची पुस्तिका. मी कोण?"

मास्तर लेखकाच्या घरी गेले. निवृत्त कारकून, मऊ बोलणारा, घरात पुस्तकंच पुस्तकं. त्यानं मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्ही मूळ ग्रंथ पाहिलात का?"

"त्यांचा ग्रंथ मी घरात कशाला ठेवू? जुन्या एका पुस्तिकेतून घेतलं वचन."

"पुढे ओळ आहे. 'आईबापांची प्रार्थना विसरू देऊ नका.'"

लेखक हसला. अगदी सज्जनासारखा हसला. "असेल हो. पण मास्तर, ती ओळ घातली तर त्या पानावर उरतं काय?"

अशी माणसं शिव्या देत नाहीत, दगड मारत नाहीत. पाणी विचारतात, आणि दगड मारणाऱ्याला कारण पुरवतात!

रविवारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. ताई कडेला उभी होती, शेजारी मिस्त्री. सेक्रेटरींनी विषय वाचला. ताई एवढंच म्हणाली, "अकरा वर्षांत एका तरी मुलाला मी काही वेगळं शिकवलं असेल तर त्याच्या आईनं सांगावं." आया खाली बघत राहिल्या. एकीनं तर कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, कारण ते ताईकडे हात पसरत होतं.

मास्तर उठले.  त्यांनी बरोबर आणलेला मिस्त्रींचा ग्रंथ उघडला, वचन पुरतं वाचून दाखवलं. मग दुसरी पुस्तिका उघडून आपल्या ग्रंथातलं वचन वाचलं.

"दोन्ही वाक्यं तोडलेली आली होती. आपलं मी जोडलं. त्यांचं मला ठाऊक असून तसंच जाऊ दिलं. त्या पानावर विश्वास ठेवून तुम्ही इथे आलात. तो विश्वास मी मोडला. दोष ताईचा नाही, माझा आहे!"

 सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, पुस्तिकेवर तुमचं नाव आहे. तेव्हा बरोबर होतं, आज चूक झालं. दोनपैकी एकदा तुम्ही खोटं बोललात. आम्ही कोणत्या वेळचं खरं धरायचं?"

"आजचं! तेव्हा मी खोटा होतो."

"खोट्या माणसाचं कोण ऐकतं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. "मित्राची पोरगी ना, म्हणून!"

हात वर झाले. खोली रिकामी करावी, बाजूनं तेवीस. विरुद्ध चार. सूनबाईचा हात कुठेच नव्हता. ती मास्तरांकडे टक लावून बघत होती.

सभा उठल्यावर मास्तर मिस्त्रींसमोर गेले. "मला माफ करा."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मास्तर, मशीन थांबवून मी तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हा बोलायचं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. आता तुमचं खरं घेऊन मी काय करू? मला खोली हवी होती." आणि ते मुलीला घेऊन निघून गेले. मास्तरांना वाटलं होतं, खरं बोललं की छाती हलकी होईल. नाही झाली. उशिरा बोललेलं खरं फक्त बोलणाऱ्याच्या कामाचं असतं, आणि तेही फारसं नाही.

सोमवारी मालकांनी टेबलावर तिसरी पुस्तिका ठेवली. मास्तरांनी ती उघडलीही नाही. "दोन्ही ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवा, वचन पडताळूनच सही करीन," ते म्हणाले. मालकांनी पुस्तिका उचलली आणि दुपारपर्यंत त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला.

मास्तर घरी आले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. ताई सतरंज्या, छोट्या खुर्च्या, खेळण्यांच्या बादल्या चढवत होती. वरच्या खिडक्यांतून माणसं बघत होती आणि तिनं मान वर केली की आत सरत होती. इतक्यात जिन्यावरून सूनबाई उतरली, नात कडेवर.

"ताई, उद्यापासून हिला कुठे आणू?"

ताईनं हातातली बादली खाली ठेवली. "वहिनी, मी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला चाललेय. खोलीही नक्की नाही. दोन बस बदलाव्या लागतील."

"बदलीन."

"तुमच्या इमारतीत बोलतील."

"बोलू देत. मी अर्धं वाक्य वाचून माझं पोर तुमच्यापासून ओढून नेलं. पुढची ओळ आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही. बाबांनी लपवलं हे खरं, पण विचारायचं होतं मला!" सूनबाईचा आवाज फुटला. नात मात्र केव्हाच ताईच्या खांद्यावर जाऊन बसली होती आणि तिची वेणी ओढत होती.

काढून नेलेल्या चौदांपैकी एक मूल परत आलं. एकच! मी तुम्हाला गोड शेवट सांगणार नाही. तेरा घरं अजून ते अकरावं पान खरं मानून बसली आहेत.

तेव्हा नागरिकांनो, धर्माचं समर्थन करा, धर्मावर टीका करा, कडाडून करा. तो तुमचा हक्क आहे. आपल्या धर्मावरही करा, हिंमत असेल तर. पण दुसऱ्याच्या ग्रंथातलं एखादं वचन तुमच्या हातात पडलं आणि ते वाचून तुम्हाला बरं वाटलं, तर तिथेच थांबा. मूळ ग्रंथ मागा. पुढची ओळ वाचा. आणि ती ओळ तुम्हाला ठाऊक असेल तर त्याच क्षणी, त्याच जागी, मोठ्यानं बोला. आपल्या वाक्यासाठी जितकी शाई खर्च करता, तितकीच शेजाऱ्याच्या वाक्यासाठी करा. नाहीतर धर्म राखल्याच्या गप्पा मारू नका. तुम्ही फक्त एका बाईला तिच्या खोलीतून बाहेर काढलेलं असतं!