शिक्क्यावरची रेघ

आमच्या थोरल्या मुलीला जुळं झालं आणि त्यानंतर पंधरवड्यात आई गेली, ते साल १९५२. आईच्या कपाटातले सहा कप माझ्या भावाकडे, जेबेझकडे आले. निळी किनार, सोन्याची कड, अंड्याच्या टरफलासारखे पातळ.

जेबेझने इंग्लंडातल्या आमच्या लाँगटन गावात उभा जन्म चिनीमातीच्या भट्ट्या भरल्या. चिनीमातीच्या कामातली गारगोटीची भुकटी छातीत बसून दम राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "या धुरात हिवाळा काढू नका, समुद्राकाठी जा." जायला पैसा हवा. म्हणून मी जुन्या कपांचे व्यापारी सॉल्ट यांना बोलावलं.

सॉल्टनी कप खिडकीशी धरला. कपाच्या आरपार त्यांची बोटं दिसली. नखाने टिचकी मारली, तो घंटेसारखा वाजला. मग पालथा केला. आमच्याकडे परक्या घरीसुद्धा माणूस आधी कप पालथा करून बुडावरचा कारखान्याचा शिक्का बघतो, पण आईने या कपांना आम्हाला कधी हात लावू दिला नव्हता.

"अस्सल हाडाची राख घातलेली चिनीमाती, बाई. आणि शिक्क्यावर रेघ नाही. सगळे अव्वल. समुद्रावर अख्खा हिवाळा निघेल."

मी हसले. जेबेझ हसला नाही.

कामगारांना स्वस्तात मिळायचा तो डागी माल, आणि त्याच्या शिक्क्यावर कारखाना रेघ ओढायचा. बिनरेघेचा माल बड्यांच्या घरी जायचा. आई हे कप करणाऱ्या कारखान्यातच कडांना सोनं लावायची.

"मालकांनी बक्षीस दिले असतील," सॉल्ट म्हणाले.

"आमच्या मालकाने? तो कुणाला आपली सर्दीसुद्धा फुकट देत नसे," जेबेझ बोलून गेला.

सॉल्ट शनिवारी पैसे घेऊन येतो म्हणाले आणि गेले.

"आई चॅपलमध्ये प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसायची, थर्झा," जेबेझ म्हणाला. "आता हा सॉल्ट बाजारभर सांगणार."

"मेलेल्या माणसाला काय त्याचं? तू जिवंत आहेस ना!"

"म्हणून तर मला ऐकावं लागेल."

"मग बस इथेच खोकत!"

"बसतो. उचलणाऱ्यांना सोपं जाईल, वजन कुठे राहिलंय?"

शुक्रवारी मी ओटच्या पोळ्या घेऊन गेले. टेबलावर सहाही कप पालथे होते. जेबेझच्या हातात धार लावायच्या दगडाचा तुकडा. प्रत्येक शिक्क्यावर आडवी रेघ, झिलई कापून आत गेलेली.

"अरे, काय केलंस हे!"

"डागी माल आहे. आईने रीतसर विकत घेतलेला." एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

शनिवारी सॉल्टनी एक कप उलटा केला, दुसरा केला, आणि टोपी घातली. "यात आता झाडं लावा," म्हणाले.

"बघा," जेबेझ म्हणाला, "आमच्या आईला स्वस्तातलंच परवडायचं."

तो समुद्राकडे गेला नाही. मी रोज जाऊन शेगडी पेटवायचे, उशा उंच करायचे. आमचं पुन्हा कपांवरून बोलणं झालं नाही.

माझा भाऊ जेबेझ कोलक्ला १९५३च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, लाँगटनमधल्या त्याच घरात वारला.