पायमोज्यांचे दोन गुण

मॅडमच्या टेबलावरची काच देवराम भोयेनं फोडली, आणि ती फोडली कापसेच्या तोंडानं. बालगृहाच्या अधीक्षकाची मानगूट धरून त्यानं त्याचं थोबाड असं आपटलं, की काचेखाली जपून ठेवलेली परिपत्रकं रक्तानं भिजली. फेब्रुवारी दोन हजार तीन, नाशिक, भर दुपारचे बारा. आता एवढा गरीब माणूस सरकारी कचेरीत असा का उसळला, ते सांगतो. सगळ्याच्या मुळाशी एक कागद होता, आणि तो कागद मॅडमनी स्वतः बनवला होता.

मॅडम म्हणजे अंजली पगारे. बाल व कुटुंब कल्याण देखरेख मंडळाच्या जिल्हा कार्यालयाचं सगळं कामकाज त्यांच्या हाती. जिल्ह्यातली चौदा बालगृहं त्यांच्या देखरेखीखाली. कुठल्या मुलाला कुठे ठेवायचं, तपासणीला कुणी जायचं, कुणाची मान्यता काढायची, शेवटची सही यांची. नाशिकरोडच्या वसाहतीतल्या कामगाराची ही मुलगी, कंदिलाखाली नाही पण जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करून इथवर आलेली. बोलायला फटकळ, कामात चोख. त्यांच्या आधी तपासणी म्हणजे काय, तर पोहे, चहा आणि 'सर्व समाधानकारक' असा शेरा. अंजलीबाईंनी तो तमाशा बंद केला. चौतीस रकान्यांचा तपासणी तक्ता आणला. मुलांचे हात बघा, नखं बघा, केस बघा, सदरा वर करून पाठ बघा. प्रत्येक गोष्टीला गुण. आणि कुणी अन्याय झाला म्हणून ओरडू नये यासाठी तक्त्याची एकेक प्रत चौदाही बालगृहांना आधीच पाठवून दिली. वा रे वा! परीक्षेआधी प्रश्नपत्रिका वाटली, आणि वर त्याचा अभिमान बाळगला. नियमानं चालणाऱ्या माणसाच्या हातून अशीच चूक व्हायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला देवराम दारात उभा राहिला. पाठुंगळीला नऊ वर्षांची रोशनी. हरसूलकडचा माणूस, द्राक्षबागेत मजुरीला. बायको वारलेली, स्वतः वर्षातले आठ महिने परगावी, म्हणून पोरीला घोटीजवळच्या 'आनंदओटा' बालगृहात ठेवलेली. तीन दिवसांपूर्वी ती तिथून पळाली आणि घोटीच्या बाजारात भाताच्या पोत्यांआड लपून बसली. गावच्या एका हमालानं तिला ओळखलं आणि बापाला निरोप धाडला.

"बाई, पोर उभीच राहत नाय," देवराम म्हणाला. "तिला परत नका धाडू. मारतात तिथं."

"तिनं सांगितलं?"

"बोलत नाय वो काही. पण नाव काढलं का थरथर कापते."

अंजलीबाईंनी कपाटातून 'आनंदओटा'ची फाइल काढली. लागोपाठ तीन वर्षं जिल्ह्यात पहिला नंबर. शंभरात सत्त्याण्णव. मग त्यांनी रोशनीला बाकावर बसवून तक्त्याबरहुकूम तपासलं. हात, नखं, केस. झंपर वर करून पाठ पाहिली. नितळ, एकही वळ नाही. पायात बालगृहाचे पांढरे पायमोजे, तीन दिवसांच्या मातीनं काळे झालेले. पायमोज्यांनाही तक्त्यात दोन गुण होते, आणि 'आनंदओट्या'ला ते दर वेळी पुरेच्या पुरे मिळत.

"चालून चालून पाय भरून आलेत तिचे," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"मोजे काढू देत नाय, बाई. हात लावला का किंचाळते."

"लाडावून ठेवलीय तुम्ही."

हे वाक्य त्या बोलून गेल्या. पुढे आयुष्यभर ते त्यांना टोचत राहिलं.

नियम असा होता, की पळालेलं मूल ज्या दिवशी सापडेल त्याच दिवशी जिथून पळालं तिथे परत जायचं, चौकशी नंतर. याला कारणही होतं. सहा वर्षांपूर्वी एक खोटा मामा रडत रडत कचेरीत आला आणि एका पोरीला घेऊन गेला. ती पोर पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून अंजलीबाई हा नियम कुणासाठी वाकवत नसत. सख्ख्या बापासाठीही नाही. त्यांनी अधीक्षकाला फोन लावला.

यादवराव कापसे तासाभरात जीपनं हजर झाला. सफारी, कपाळाला अष्टगंध, तोंडात साखर. "अगं बाळा, किती गं घोर लावलास जिवाला!" असं म्हणत तो रोशनीपाशी गेला. तिनं बापाच्या गळ्याला मिठी मारली. तिचा परकर ओला झाला, फरशीवर थारोळं साचलं. अंजलीबाईंनी ते पाहिलं. पण आदेश टाइप होऊन समोर आला होता, आणि त्यांनी सही केली.

कापसे हसत हसत पोरीची बोटं बापाच्या गळ्यावरून एकेक करून सोडवू लागला. तिसरं बोट त्यानं उलटं वाकवलं. पोर ओरडली आणि देवराम उठला.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. काच फुटली, कापसेचा ओठ फाटला, एक दात टेबलावर पडला. कापसेनं खालूनच देवरामच्या पोटात लाथ घातली. देवराम वाकला, पण त्यानं मान सोडली नाही. दोघं खुर्चीसकट आडवे झाले. आरडाओरडा ऐकून रखवालदार भिकन काठी घेऊन धावत आला, आणि त्यानं मागचापुढचा विचार न करता गरिबालाच धरला. पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर दणादण काठी. देवरामच्या कानामागून रक्ताची धार लागली.

"भिकन, बास! बास म्हणते ना!" अंजलीबाई ओरडत होत्या. ऐकतो कोण?

रोशनी बाकावरून उतरली आणि बापाकडे चालत निघाली, फुटलेल्या काचेवरून. काच पायाखाली करकर वाजत होती. पायमोजे लाल झाले, फरशीवर ठसे उमटले, पण पोरीच्या तोंडून हूं की चूं नाही. ते पाहून भिकनची काठी वरच्या वर थांबली.

शिपाई लताबाईनं धावत जाऊन पोरीला उचललं, बाकावर ठेवलं आणि काचा काढायला पायमोजे ओढले. "अगं माझे माय!" ती मटकन खाली बसली. "मॅडम, हे काचेचं नाही हो."

अंजलीबाई जवळ गेल्या. टाचेपासून बोटांपर्यंत काळेनिळे वळ, वळांवर वळ. जुने कातडं राठ करून गेलेले, नवे पिकून फुटलेले. आजची काच त्यांच्यापुढे काहीच नव्हती.

"कुणी मारलं, बाळा?"

रोशनी भिकनच्या काठीकडे बघत होती. "सरांनी. उताणं निजायचं, पाय वर धरायचे. दहा मोजेस्तोवर खाली नाय घ्यायचे. खाली आले का परत एकपासून."

"मी तपासणीला आले तेव्हा का नाही सांगितलंस गं?"

"सर म्हणतात, मॅडमच्या कागदात पाय नाय."

अंजलीबाईंनी आदेशाचे तुकडे केले. मागे वळून पाहिलं तर कापसे जागेवर नव्हता. खाली त्याची जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"लताबाई, या दोघांना दवाखान्यात न्या. पोरीला बापापासून तोडायची नाही, कुणी नियम सांगितला तर माझं नाव सांगा. भिकन, तू चल माझ्याबरोबर."

घोटीचा रस्ता तासाभराचा. गाडीत अंजलीबाई हिशेब करत होत्या. तीन वर्षं, सहा तपासण्या. सहा वेळा त्या पोरांच्या रांगेतून फिरल्या होत्या. कुणाची हनुवटी धरली होती, कुणाला 'शहाणी गं बाय माझी' म्हटलं होतं. पोरं अगदी हळू, जपून पावलं टाकत, तर ह्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'मुलांना शिस्त उत्तम.' स्वतःचीच शिसारी आली त्यांना. आणि शिसारीच्या खालून राग चढत होता, असा राग की हाताची बोटं आपोआप मिटत होती.

'आनंदओट्या'च्या जेवणघरात चाळीस पोरं रांगेत बसली होती. पांढरे पायमोजे, हात गुडघ्यांवर. कापसे तोंडाला फडकं बांधून पुढे उभा, हातात वेताची छडी.

"मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं?"

"पडून लागलं, सर!" चाळीस गळे एका सुरात.

अंजलीबाई आत आल्या. भिंतीवर त्यांचाच तक्ता चौकटीत लावलेला होता. हात, नखं, केस, पाठ, या चार शब्दांखाली लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या.

कापसे त्यांना बघून दचकला, मग सावरला. फाटक्या ओठानं हसला. "या मॅडम. न कळवता आलात? हरकत नाही. तुमचाच तक्ता आहे, तपासा की. एक गुण कमी करून दाखवा."

त्यांनी त्याच्या हातातली छडी हिसकावली आणि ओढली ती थेट त्याच्या तोंडावर. फडकं उडालं. दुसरा तडाखा मानेवर, तिसरा त्यानं अडवायला वर केलेल्या हातावर. हाड वाजलं. कापसे गुडघ्यावर आला. भिकन पुढे झाला नाही, दाराला पाठ लावून बघत राहिला. चौथा, पाचवा. बाईंचा अंबाडा सुटला, श्वास फुलला, पण हात थांबेना. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. प्रत्येक तडाख्याला बरं वाटत होतं. "पाय नाहीत काय रे कागदात? पाय नाहीत?" त्या ओरडत होत्या, आणि सहाव्या तडाख्यासाठी छडी वर गेली.

तेव्हा मागे सळसळ झाली.

त्या वळल्या. चाळीसही पोरं फरशीवर उताणी निजली होती. पायमोजे काढून शेजारी नीट घडी करून ठेवलेले. पाय वर. चाळीस पोरांचे ऐंशी तळवे, काळे, निळे, फुटलेले, सगळे मॅडमकडे रोखलेले.

छडी हातातून गळली.

"उठा रे बाळांनो," त्या म्हणाल्या. "उठा. कुणी मारत नाही."

कुणी उठलं नाही. कुणाचा पायही हलला नाही. पहिल्या रांगेतल्या पाच-सहा वर्षांच्या पोरीनं मान जराशी उचलली. तिचे पाय लटलटत होते, खाली येऊ नयेत म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी गुडघ्यामागून धरले होते.

"मॅडम, मोजा ना," ती म्हणाली. "लय दुखतंय वर धरून."

अंजलीबाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. तोंडाला पदर लावला, मग काढला. रडून भागणार नव्हतं, मोजावंच लागणार होतं.

"एक," त्या म्हणाल्या.

चाळीस अंगं एकदम आखडली. तळव्यांवर छडी पडली नाही, तरी आखडली.

"दोन."

तेच. तीनला कुणीतरी सवयीनं कण्हलं. चारला त्यांनी भराभर म्हणायला घेतलं, पण घाई केली तशी पोरं जास्तच घाबरली. मग त्यांनी पुन्हा हळू म्हटलं. पाच, सहा, सात. आठला त्या छोटीचे पाय सुटायला लागले, तेव्हा अंजलीबाईंनी ते आपल्या तळहातांवर घेतले. ती किंचाळली. त्यांनी हात काढले नाहीत, दाबलेही नाहीत, नुसते खाली धरून ठेवले.

"नऊ. दहा."

ऐंशी पाय खाली आले. पोरं उठून बसली, रांग सरळ केली. आणि कुणी काही सांगायच्या आतच सगळ्यांनी दोन्ही हात पुढे केले, नखं वर करून. मॅडम आल्या होत्या, म्हणजे आता तपासणी व्हायची होती.