चार दिवस दगड्याचे

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असे ज्याने म्हणून ठेवले त्याने योद्धे आणि जादूगारांचा खेळ काही खेळला नसावा. पण नियम मात्र त्याने अचूक सांगितला. या खेळात सुरुवातीचे दिवस योद्ध्याचे असतात. जादूगार तेव्हा नुसता नावाचा जादूगार. दिवसाकाठी एक मंत्र टाकायचा, तो फुकट गेला की योद्ध्याच्या पाठीमागे लपायचे, आणि मांजराने ओरबाडले तरी मरायचे. मग पातळ्या चढत जातात आणि सुनेचे दिवस येतात. जादूगार उडतो, गायब होतो, अख्खे सैन्य झोपवतो. योद्धा पूर्वी कुऱ्हाड एकदा मारायचा, आता दोनदा मारतो. एवढीच काय ती त्याची प्रगती.

हा खेळ दर रविवारी दुपारी एका चष्म्याच्या दुकानात, शटर अर्धे ओढून चाले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या पात्राने त्यात काय करायचे ते ठरवायचे, आणि ते साधले की फसले हे वीस बाजूंच्या फाशाने सांगायचे. आकडा मोठा तितका घाव मोठा. गोष्ट सांगायचा दुकानाचा मालक, चष्मेवाला. त्याची बायको जादूगारीण व्हायची. ती फार्मासिस्ट होती, आणि खेळाच्या नियमांचे जाडजूड पुस्तक तिला औषधांच्या नावांइतके पाठ होते. शेजारचा घड्याळजी पुजारी होऊन जखमा बऱ्या करायचा आणि मधल्या वेळात डुलक्या काढायचा. योद्धा होता बायकोचा थोरला भाऊ, शाळेत पीटीचे सर. घरात आणि दुकानात सगळे त्याला दादाच म्हणत. त्याच्या योद्ध्याचे नाव दगड्या. पटावर दगड्या म्हणून बुद्धिबळातला हत्ती ठेवत आणि जादूगारीण म्हणून वजीर.

खेळाडूंनी आपला फासा उघड्यावर टाकायचा, फ्रेमा ठेवायच्या मखमली ट्रेमध्ये. शत्रूचा फासा मात्र चष्मेवाला भिंगांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड टाकी आणि आकडा तोंडाने सांगे. सांगितला तो आकडा खरा, त्यावर शंका काढायची नाही, हा त्या टेबलाचा कायदा. इतक्या वर्षांत कोणाही खेळाडूने तो मोडला नव्हता. चष्मेवाला खेळाडू नव्हता.

दगड्याचे चार दिवस जोरात गेले. गुहेत पहिला तो, पुलावर पहिला तो, दार फोडायला तोच. "माझ्या मागे राहा गं," असे दादा बहिणीला इतक्या वेळा म्हणाला असेल की घड्याळजी झोपेतही मान डोलवायचा. लहानपणी शाळेच्या वाटेवरही दादा हेच म्हणायचा, आणि तीही निमूट मागे राहायची. खेळात ती किती दिवस मागे राहणार? एकदा एका किल्ल्याच्या दारापुढे दादा उभा राहिला, छाती फुगवली, म्हणाला, "सरका सगळे. फोडतो."

"दादा, थांब," बहीण म्हणाली. "मंत्र टाकला मी. आपण आत आहोत."

सगळे हसले. दादाही हसला, पण जरा उशिरा. चष्मेवाल्याने तो उशीर पाहिला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्याला भुंगा लागला.

उपाय त्याने पुष्कळ केले. दगड्याला जादूची तलवार दिली. दादाने ती घेतली आणि म्हणाला, "शाळेत धावण्याच्या शर्यतीत शेवटी आलेल्यालाही आम्ही कंपासपेटी देतो, जावईबापू." मग चष्मेवाल्याने मंत्र न लागणारे शत्रू आणले, तर बायकोने शत्रूला सोडून त्याच्या पायाखालच्या जमिनीवर मंत्र टाकला. पुस्तक तिला पाठ होते, सांगितलेच आहे.

त्याच सुमाराला दादाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मैदानावर पोरांच्या पुढे पळणारा माणूस खुर्चीत बसून शिट्टी वाजवू लागला. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच रविवारी पुठ्ठ्याआड वीस पडले. वीस म्हणजे दगड्या आडवा. चष्मेवाल्याने दादाच्या काठीकडे पाहिले आणि म्हणाला, "सात."

एकदा सात म्हटले की पुढच्या वेळी सहा म्हणायला जड जात नाही. हळूहळू ते त्याच्या अंगवळणी पडले. जादूगारिणीवर वार झाला की आकडा पडेल तो, दगड्यावर झाला की सोसेल तो. दादाला मात्र दगड्याचा अभिमान चढत गेला. "काही म्हणा, आमचा दगड्या अजून एकदाही आडवा झालेला नाही," असे तो चहाबरोबर म्हणे. शाळेतल्या पोरांनाही त्याने हे सांगितले होते. चष्मेवाला तेव्हा बिस्किटांच्या डब्याचे झाकण उगाच लावत-काढत बसे.

पण नुसते न मरणे म्हणजे काही लढणे नव्हे, आणि ते दादाला कळत होते. एका रविवारी जाता जाता तो म्हणाला, "पुढच्या वेळी आज निसटलेल्या त्या राक्षसाचा निकाल लावू, आणि मग मी थांबतो. मंत्र ती टाकणार, जखमा हे भरणार. मी बाजूला बसून बघायचे, तर तेवढे मी शाळेत करतोच की."

चष्मेवाल्याला त्या रात्री झोप लागली नाही. आईवडील गेल्यावर या भावंडांची भेट व्हायची ती याच टेबलावर. बायको फोन करणाऱ्यांतली नव्हती आणि दादा उचलणाऱ्यांतला नव्हता. शिवाय चष्मेवाल्याला तो माणूस मनापासून आवडायचा. रविवारची दादाची खुर्ची रिकामी आहे, ही कल्पनाच त्याला सोसेना.

म्हणून त्याने आठवडाभर खपून एक दरी रचली. तिथे कुठलाही मंत्र चालत नाही. तिथे फक्त हात, पाय आणि कुऱ्हाड. दादाचा दिवस पुन्हा आणायचाच, असा त्याने चंग बांधला. आणि त्याच आठवड्यात, प्रेमाच्या भरातच म्हणा, त्याने आणखी एक काम केले. दादाला लांबचे धूसर दिसायचे, पण पीटीच्या सरांना चष्मा शोभत नाही म्हणून तो तपासून घेत नव्हता. चष्मेवाल्याने त्याला धरून बसवले, डोळे तपासले, भिंगे स्वतः घासली आणि फ्रेम स्वतः बसवून दिली. काम झकास झाले होते.

रविवारी सगळे बसले. दरीची हकिगत ऐकून बायकोचा पारा चढला.

"मंत्रच चालणार नाहीत? मग मी करू काय? शिट्टी वाजवू?"

बोलून गेल्यावर तिने दादाकडे पाहिले आणि जीभ चावली. दादा मात्र नव्या चष्म्यातून दुकान न्याहाळत होता. "अरे वा," तो म्हणाला, "तिकडच्या पाटीवर चक्क अक्षरे आहेत." मग त्याने हत्ती उचलला आणि राक्षसासमोर ठेवला. "माझ्या मागे राहा गं."

किती दिवसांनी तो हे म्हणाला होता! चष्मेवाल्याचा जीव सुपाएवढा झाला. दगड्याने वार केला, लागला. दुसरा केला, तोही लागला. राक्षसाची पाळी आली. पुठ्ठ्याआड एकोणीस पडले. चष्मेवाला म्हणाला, "आठ. चिलखतावरून घसरला."

दादाने चष्मा नाकावर नीट सारला. त्याने पुन्हा वार केला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. राक्षसाचा फासा पुन्हा पडला.

"नऊ," चष्मेवाला म्हणाला.

"पुन्हा बघा, जावईबापू."

"नऊच आहेत."

"आरशात वीस आहेत."

चष्मेवाल्याच्या खुर्चीमागे गिऱ्हाइकांचा मोठा आरसा होता, बसलेल्याला चेहरा दिसावा म्हणून किंचित पुढे कललेला. तो तिथे दुकान उघडल्यापासून होता. दादाची खुर्चीही तीच होती. पण आजवर दादाला त्या आरशात स्वतःच्या मिशाही धड दिसत नव्हत्या, मग फाशावरचा आकडा कुठून दिसणार? आता दिसत होता. उलटा दिसला तरी वीस ते वीसच. चष्मेवाल्याने आपल्याच हाताने आपल्याला पकडून दिले होते, आणि भिंगात खोट काढायला जागा नव्हती.

घड्याळजी जागा झाला.

"कधीपासून?" दादाने विचारले.

"तुमच्या ऑपरेशनपासून."

दादाने मान हलवली. तो रागावेल, उठेल, काठी घेऊन चालू लागेल, असे चष्मेवाल्याला वाटले. पण दादाने दुसरेच विचारले.

"आणि हिचे आकडे?"

"तिचे खरे."

"सगळे?"

"सगळे."

"जळक्या पुलावर मेली होती ती. तेव्हाचा?"

"तोही खरा."

त्या पुलावर जादूगारीण मेली तेव्हा बायको घरी जाऊन खरोखरची रडली होती. तिला परत आणण्यात अर्धे वर्ष गेले, आणि परत आली ती निम्मे मंत्र विसरून. ते तिने एकेक करून पुन्हा मिळवले होते. दादाने तेव्हा तिची समजूत घालताना म्हटले होते की, पुढे उभे राहायला छाती लागते, ते तुम्हा मंत्रवाल्यांचे काम नाही.

हे सगळ्यांना एकदमच आठवले असावे.

"म्हणजे पुढे मी उभा होतो," दादा सावकाश म्हणाला, "आणि मार ही खात होती."

बायको नवऱ्याकडे बघत होती. "माझ्यासाठी का नाही हो कधी खोटे बोललात?"

चष्मेवाल्याने काहीतरी गोड बोलायला हवे होते. त्याच्या तोंडून खरेच निघाले. "तू उठून जाशील अशी भीती नव्हती म्हणून."

दुखावे असेच ते उत्तर होते आणि ती दुखावली. तिने पदार्थविज्ञानाच्या शिक्षिकेने नापास पोराकडे पाहावे तसे नवऱ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

दादाने हात लांब करून पुठ्ठ्याचा आडोसा उचलला, घडी केली आणि काखोटीला मारला. "फासा इथे ट्रेमध्ये टाकायचा. आणि मघाचे वीस वीसच धरा. एकोणीसही धरा."

"दादा, मग दगड्या आत्ताच..." चष्मेवाला म्हणाला.

"धरा म्हणतो ना."

चष्मेवाल्याने धरले. दगड्या बेशुद्ध होऊन कोसळला. दादाने स्वतःच्या हाताने हत्ती पटावर आडवा केला. इतक्या वर्षांत तो हत्ती पहिल्यांदाच आडवा झाला, आणि गंमत म्हणजे दादाचा चेहरा उतरला नाही. पाठीवरचे ओझे खाली ठेवल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"आता तू पळ," तो बहिणीला म्हणाला. "दरीच्या बाहेर गेलीस की मंत्र चालतील. तिथून जाळ त्याला."

"तोवर तो तुला चिरडेल."

"चिरडू दे. शहाणपणाचे तेच आहे."

शहाणपणाचे तेच होते. पुस्तक पाठ असलेल्या बाईला ते सांगायची गरज नव्हती. तिने वजीर उचलला आणि आडव्या हत्तीच्या पुढे, राक्षसाच्या तोंडासमोर ठेवला.

"काठी आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "तू आता गुमान पडून राहा. माझ्या मागे."

तिने फासा टाकला. चार. काठी हवेत फिरली आणि कुणालाच लागली नाही. राक्षसाची पाळी आली. उघड्यावर फासा टाकायची सवय चष्मेवाल्याला नव्हती. ट्रेच्या मखमलीवर फाशाचा आवाजही होत नाही. फासा थांबला.

दादा पुढे वाकला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि जवळून पाहिले.

"दोन," तो म्हणाला. "खरे दोन."

मग जे झाले त्याला लढाई म्हणणे धाडसाचे ठरेल. राक्षस जिंकला नाही, पण हरलाही नाही. जादूगारीण आणि पुजारी या दोन काटकुळ्या जिवांनी लोखंडात मढवलेल्या दगड्याला पायाला धरून दरीबाहेर ओढत नेले. नियमाप्रमाणे बेशुद्ध माणसाला बोलता येत नाही, पण दादाने तो नियम धाब्यावर बसवला. "टाच रोवा! पाठ ताठ! रस्सीखेच कधी खेळलात की नाही? आता एक साथ, ओढा!" घड्याळजी खुर्चीवरून उठून खरेच ओढल्यासारखे करू लागला. बायको हसत होती आणि डोळे पुसत होती. नवऱ्याकडे मात्र तिने अजून पाहिले नव्हते, आणि घरी गेल्यावर आपले काय होणार याची चष्मेवाल्याला पुरती कल्पना होती.

शटर ओढायच्या वेळी त्याने पट आवरायला घेतला. हत्ती उचलणार, तोच दादाने काठीच्या टोकाने त्याचा हात अडवला.

"तो असू दे तसाच. पुढच्या रविवारी मी आल्यावर बघतो."

सोमवारी सकाळी पहिले गिऱ्हाईक म्हणून एक टापटिपीच्या बाई आल्या. फ्रेमा बघता बघता त्यांना बाजूच्या पटावर लवंडलेला हत्ती दिसला आणि त्या सवयीने तो उभा करायला गेल्या.

"राहू द्या, बाई," चष्मेवाला घाईने म्हणाला. "तो खरा पडलाय."